अंदाज

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, शहर जिथं शेपटासारखं निमुळतं होत जातं,
तिथल्या चर्चच्या पत्र्याच्या शेडमध्ये
सव्वीस माणसं जमली होती
आणि एक शेळी. तिला कुणी हाकललं नाही.
मी पुस्तक टेबलावर ठेवलं. तीनशे बारा पानं.
टेबलाचा एक पाय आखूड, ते त्या बाजूला कललं.

'रहिवाशांना अंदाजपत्रक समजावून सांगणे'
असं माझ्या पत्रात होतं,
खाली जाण्यायेण्याचे दोनशे शिलिंग.
मी सुरू केलं: महसुली जमा, भांडवली खर्च,
सुधारित तरतूद, पुनर्विनियोजन...
शब्द पत्र्यावर आपटून माझ्याच अंगावर येत होते.
मागच्या बाकावर कुणीतरी शेंगा सोलत होतं.
झाब्लोन ओगुतू, निवृत्त पोस्टमन, मान डोलावत होता,
पण तो सगळ्यांनाच मान डोलावतो.

मग रिस्पा आलुओच उठली.
ओमेना विकते ती, बोटाएवढी वाळवलेली मासळी;
मनगटापर्यंत चकाकते.
"पोरी, काय म्हणालीस याचं नाव?"
"अंदाजपत्रक."
"म्हणजे अंदाजच ना? मग एवढा घसा कशाला खरवडतेस?
अंदाज मी रोज करते.
होड्या दिसायच्या आधी, अंधारात,
नुसत्या वल्ह्यांच्या आवाजावरून,
किती उतरेल, कितीला उचलावं,
मीठ किती, उधारी किती, मांजरांचं किती.
माझा चुकला तर संध्याकाळी चूल सांगते.
तुमचा चुकला तर कोण सांगतं?"

मी पान उलटलं.
याला आमच्याकडे लेखाशीर्ष नाही.

"बरं, आमचा रस्ता दाखव."
पान एकशे ऐंशी. तिनं बोट ठेवलं,
कागदावर एक खवला उमटला.
मी वाचलं:
मासळी बाजार ते दवाखाना, पथदिवे दुरुस्ती,
चार लाख वीस हजार.
गेल्या वर्षी? दुरुस्ती.
त्याच्या आदल्या वर्षी? तीही दुरुस्तीच.
"कशाची?"

शेंगा सोलायचं थांबलं.
झाब्लोनची मानही थांबली,
हे मी पहिल्यांदाच पाहिलं.
"त्या रस्त्यावर एकतीस वर्षं टपाल वाटलं मी,"
तो हळूच म्हणाला, जणू त्याचीच काही चूक असावी,
"खांब असता तर सायकल टेकवली असती."

आधी कुणीतरी हसलं. मग सगळे.
मी हसले नाही.
ती ओळ मीच टाइप केली होती,
मागच्या वर्षीची उचलून, आकडा थोडा वाढवून,
एका शुक्रवारी, चार वाजता, चहा निवत असताना.

सांगितलं मी. का, ते अजून कळलेलं नाही.
रिस्पा बघत राहिली माझ्याकडे,
वजनात मारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी.
मग म्हणाली, "बस. आणि लिही."
हरकतीच्या फॉर्मवर तीन ओळींची जागा होती.
तिनं सांगितलं ते दोन ओळींत मावलं:
*दुरुस्ती नको. आधी खांब उभे करा.
मोडले की आम्ही कळवू.*
खाली सव्वीस सह्या, त्यातले नऊ अंगठे.
कागदाला मासळीचा वास लागला,
साहेबांच्या टेबलावर तो बोलेल
माझ्याहून जास्त.

परतताना आम्ही दोघीच त्या रस्त्यानं निघालो.
तिच्या डोक्यावर रिकामी पाटी, माझ्या बगलेत पुस्तक.
पंचवीस पावलं टाकली की ती थांबायची,
टाच जमिनीत रुतवून म्हणायची, "इथं एक."
पुन्हा पावलं. "इथं एक."
मी मोबाईलच्या उजेडात समासात रेघा मारत गेले.
कुत्री भुंकत होती. कुठंतरी रेडिओ.
अकरा झाले.
दवाखाना अजून दिसत नव्हता.