एक वायसर

बटण दाबलं तर यंत्रानं तीनदा विचारलं:
नक्की? अगदी नक्की? काय काय गमवाल, पाहिलंत ना?
इतकं आर्जव तर आयव्हरनंही
चाळीस वर्षांत कधी केलं नाही.
सभासदत्व त्याच्याच नावावर होतं.
तो जाऊन चौदा महिने झाले, तरी
त्याच्या गुडघ्यांच्या गोळ्या
दर नऊ तारखेला दारात हजर,
आणि मी खोकी न फोडता
तळघरात रचत गेले, एकावर एक,
हिवाळ्याची लाकडं रचावीत तशी.

त्याच आठवड्यात मोरीतला नळ गळायला लागला.
आधी असतं तर नुसता अंगठा हलवला असता,
परवा सकाळी चोवीस वायसर आले असते.
त्यातला एक लागला असता,
तेवीस माझ्यामागे उरले असते.

गाडी काढली. बारा मैल.
हॅनकॉकच्या उतारावर बर्फाच्या भिंती, खांद्याएवढ्या.
साल्मेलाचं दुकान अजून उघडं असतं
हेच मला ठाऊक नव्हतं.
आत रॉकेल, दोरखंड, ओल्या लोकरीचा वास.
"जुना आणलायस?"
नव्हता आणला.
"मग नळ कसा आहे ते हातानं दाखव."
मी हवेत नळ काढला, तोटीसकट.
म्हाताऱ्यानं शंभरेक खणांतला एकच ओढला,
चिमटीतला वायसर उजेडाकडे धरला.
"नाही बसला तर परत आण.
बसला तरी ये, सांगायला."
पस्तीस सेंट. पावती नको म्हटलं,
तरी पेन्सिलीनं लिहिलीच.

सगळंच असं जमलं नाही, खोटं कशाला बोलू.
कानातल्या यंत्राच्या बॅटऱ्या त्याच्याकडे नाहीत.
मार्केटच्या दुकानाला फोन केला,
टपालखर्च वेगळा, वर अकरा दिवस.
अकरा दिवस मी एका कानावर काढले,
चर्चमध्ये उजवीकडे बसणाऱ्या हिल्माचं
एक अक्षर ऐकू आलं नाही.
त्याची खंत नाही.
कॉफी गाळायचे कागद संपले
तेव्हा आईसारखी भांड्यातच उकळली,
गाळ दातांत आला. चालतं.

हिशेबात धरला नव्हता तो कोल्टन.
आमच्या रस्त्याला शेवटचं घर माझं,
बर्फ पडला की वर कुणी फिरकत नाही.
तो खोकं ठेवायचा, दोनदा हॉर्न,
मी खिडकीतून हात.
चाळीस सेकंदांची ओळख.
आता त्याची गाडी
खालच्या वळणावरूनच माघारी जाते.
मी खिडकीशी उभी असते, कशाला कोण जाणे.

गुरुवारी साल्मेलाकडे गेले, बसला म्हणून सांगायला.
गल्ल्यापाशी एक पोरगा
फावड्याला दांडा मागत होता.
गणवेश नव्हता, म्हणून पटकन ओळखला नाही.
"मला वाटलं, तुम्ही गेलात," तो म्हणाला.
गेलात म्हणजे कुठे, ते त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

"तुझ्या घरी कुणाचे गुडघे दुखतात का रे?"
"आजीचे."
"मग शनिवारी ये.
चौदा खोकी आहेत तळघरात.
माझ्या दारातून
तुझ्या गाडीपर्यंत न्यायची."
त्यानं दांडा खांद्यावर टाकला,
जरा विचार केला.
"हॉर्न वाजवू?"