हात मागे घेऊ नकोस

हेडली रेननं बुटांच्या खोक्यातून
फेरेटची दोन पिल्लं दिली मला, जून सरता सरता.
आठ आठवड्यांची. मादी सायीच्या रंगाची,
नर काळपट, डोळ्यांभोवती काजळ फिसकटल्यासारखा.
खोक्याला ओल्या मोज्यांचा आणि शिळ्या मधाचा वास.
"पैसे नकोत," म्हणाला. "रोज दोनदा हातात घे.
हातमोजे न घालता.
आणि पहिला हंगाम होईतो नाव ठेवू नकोस."

त्याच संध्याकाळी मादीनं अंगठा धरला.
मी किंचाळले, हात झटकला,
आणि भिंतीपलीकडून तो, तोंडातला पाइप न काढता:
"झालं. आता तिला कळलं,
चावलं की हात जातो."

मग मूठ वळायला शिकले.
मुठीला थुंकी लावायची, आणि मूठ पुढे न्यायची,
ती दात लावेल तेव्हाही पुढेच.
"भ्यालेली आहे ती. तुला वाटतं, चिडली."
जुलैभर माझी बोटं शिवणकाम शिकणाऱ्या पोरीसारखी,
टोचलेली.
खाणीवर लॉरी भरताना गड्यांनी विचारलं,
मी म्हटलं, गुलाब लावलेत.

दूध द्यायचं नाही, पोट बिघडतं.
मांस द्यायचं, हाडासकट, केसांसकट.
गवत कोरडं हवं. घाण ती एकाच कोपऱ्यात करतात
("चारही कोपऱ्यांत करणारी माणसं पाहिलीत मी," हेडली).
अंगणात गटाराचा पाइप आडवा टाकून
मी या टोकाला गुडघ्यांवर,
जिभेनं टक् टक् करत.
नर लगेच आला. मादी मध्येच बसली,
विचार करत असावी.
"झडप घालू नकोस. थांब.
झडप घातलीस तर उद्या ती तोंडाशी येऊन परत फिरेल."
मी थांबले. चहा गार झाला. मग मिशा दिसल्या.

चोरून नाव ठेवलं होतं मी: टॅन्सी.

नोव्हेंबरात नेचे वाळून तांबडे पडले, बिळं उघडी झाली.
कोल्सनच्या कुरणात ससे भिंतीखालची माती पोखरतात,
आणि चुन्याशिवाय रचलेली ती भिंत
दर वर्षी एकेक हात खाली बसते.
अकरा तोंडं मोजली. अकरा जाळ्या लावल्या,
हेडलीनं थरथरत्या हातांनी विणलेल्या.
टॅन्सीच्या गळ्यात बीप करणारा पट्टा.
ती आत गेली, शेपटी झाडत,
जणू हे घर तिच्या मावशीचं.

जमिनीत धप्. मग दुसरं धप्.
मग काही नाही.

यंत्र दोनदा बोललं आणि मिटलं.
बॅटरी मी बदलली नव्हती. उद्या बदलू म्हटलं होतं.
कुठे खणणार? भिंतीखाली? सगळी भिंत?
चार वाजता अंधार पडला, टक् टक् करून जीभ सुकली.
हेडलीला फोन केला. तो रागावला नाही,
ते जास्त लागलं.
"तिचं गवत आण. खोकं बिळाच्या तोंडाशी ठेव.
आणि घरी जा. तिथे बसून तू फक्त वास सोडशील काळजीचा."

रात्रभर छपरावर गारा.
नर खुराड्यात एकटा, जाळीला नाक लावून.
मी पडून राहिले, अंगठ्यावरचा जुना व्रण चाचपत.

पहाटे कुरणात दंव, भिंत पांढरी.
खोक्यातल्या गवतात एक खळगा,
खळग्यात मातीनं माखलेली ती,
सशाची लव मिशांना चिकटलेली, पोट गच्च.
मी हात घातला. तिनं डोळा न उघडता
अंगठ्याचं पेर धरलं,
तेच, जूनमधलं, आणि जोरात.

मी ठेवला हात तिथेच.
गार वाऱ्यात रक्त लवकर थिजतं.
हळूहळू तिनं दात काढले, जागा चाटली,
आणि पुन्हा झोपली, माझ्या तळव्यात नाक खुपसून.

परतताना हेडली दारात, चपला उलट्या घातलेल्या.
"किती ससे?"
एकही नाही, म्हटलं.
त्यानं खोक्यात वाकून पाहिलं, बराच वेळ.
"बॅटरी," एवढंच म्हणाला,
आणि खिशातून एक काढून
माझ्या रक्ताळलेल्या हातावर ठेवली.