शंभर मोजेपर्यंत

मेडिकलच्या तळमजल्यावर, मे महिन्यात,
कूलरचं पाणी दुपारीच संपतं.
मी काचेवर वाळलेल्या एका थेंबात डोकावून असते.
माझं काम शंभर मोजण्याचं.
हाताशी जुनं यंत्र, पेशीच्या प्रत्येक प्रकाराला एक बटण,
शंभर भरले की घंटी.
निरोगी रक्तात बोटं फिरती राहतात,
ही, मग ती, परत ही,
क्वचित एखादी नारिंगी दाण्यांची.

श्रावस्ती मेश्राम, वय नऊ, इंदोरा.
त्या दिवशी एकच बटण वाजत राहिलं.
टक. टक. टक. टक.
थोराड जांभळं केंद्रक, भोवती निळी किनार नावापुरती.
ब्याण्णव वेळा.
घंटी वाजल्यावर मी दुसरी काच घेतली,
नाव वाचलं, नंबर वाचला.
नाव चुकलं असावं असं वाटणं
हेही कामातच धरतो आम्ही.

सांगायचं डॉक्टरांनी. पण तिच्या आईने जिन्यात मलाच गाठलं:
"मॅडम, पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणे.
त्या तं लढते ना?
मंग वाढल्या तं बरंच झालं ना बाप्पा?"

मी म्हटलं, या कोवळ्याच आहेत.
हाडाच्या पोकळीत तयार होतात,
शिकून मग बाहेर पडायचं असतं.
या शिकत नाहीत. वाढायच्या थांबतही नाहीत.

ती शाळेत खिचडी शिजवते. जरा वेळाने म्हणाली,
"म्हणजे बिगरीतच पोरं भरत गेली,
अन् बाकीच्यायले बसाले जागाच नाही उरली."

याहून नीट मला कुठे सांगता आलं असतं?
लाल पेशींना जागा नाही, हवा कोण पोचवणार;
चौथ्या पायरीवर पोर बसते.
ठिगळं लावणाऱ्या प्लेटलेट्स हद्दपार,
म्हणून पोटरीवर निळे डाग
(आई भांडून आली होती वर्गशिक्षकाशी, कोणी मारलं म्हणून),
हिरड्यांतून रक्त,
घरात दोनदा बदललेलं दंतमंजन.
आणि एवढ्या गर्दीत
तापाशी लढायला एकही जाणती पेशी नाही.

"माहं काही चुकलं का? खाऊ घालण्यात?"
नाही.
एवढं एक मी डॉक्टरांना न विचारता सांगितलं.

एकोणतिसाव्या दिवशी कमरेच्या हाडातला मगज आला.
औषधांनी शाळाच रिकामी केलेली.
चरबीची गोल भोकं, फिकट निळं पाणी,
काच सरकवत गेले, सरकवत गेले.
आणि मग एका कडेला
तीन पाळ्यांच्या केंद्रकाची एक,
साधी, पुरती वाढलेली.
बोट दुसऱ्या बटणावर गेलं.
टक.

त्या दिवशी शंभर भरायला दोन तास लागले.
रिपोर्टच्या खिडकीपाशी ती उभी होती,
टक्कल, मास्क, पायात आईच्या चपला.
घंटी ऐकून म्हणाली,
"शाळा सुटली का?"

अजून दोन-अडीच वर्षांची औषधं.
"नाही गं," मी म्हटलं,
"मधली सुट्टी."