शमामा

पौषात पंचगंगेवर धुकं बसतं,
ते उठायच्या आत मी पूल ओलांडतो.
पुढं कवडी, मागं मी,
तिच्या नाकातून वाफ, माझ्या नाकातून बिडीचा धूर,
लांबून बघणाऱ्याला दोघं एकाच जातीचे वाटत असू.

वडणग्याहून गंगावेशीत
म्हशीच्याच चालीनं यावं लागतं.
कट्ट्यावर गिऱ्हाईक ग्लास धरून उभं,
धार समोर काढायची, फेसासकट द्यायची,
पाणी घातलं म्हणायला कुणाला जागा नाही.

बेचाळीस वर्षं अंगाला एकच वास.
शेण, पेंड, कडबा, उतू गेलेलं दूध.
मला तो कधी आला नाही.
आपला वास आपल्याला येत नसतो,
शेजारचा जरा बाजूला सरकला की कळतो.

त्या थंडीत सीपीआरच्या रात्रपाळीवरनं सुटून
एक सिस्टर यायची. छातीवर पाटी: सुवार्ता समुद्रे.
एक ग्लास, उभ्याउभ्या, डोळे मिटून.
ती बाजूला सरकायची नाही.
एवढंच. बाकी काही नाही.
एवढ्यावर माणूस अत्तर घ्यायला जातो.

कासमभाई अत्तारांनी माझ्याकडं बघितलं,
मग बुटक्या बाटल्यांकडं.
‘वाळा उन्हाळ्याचा, रंगराव. थंडीला शमामा.
ह्यात काय काय पडतं
ते माझ्या बापानं मला पण पुरतं सांगितलं नाही.
कापडाला लावू नको, कातडीला लाव.
थंडीत वास बाहेर हिंडत नाही,
घोंगडीत निजल्यागत निजतो.
जवळ येईल त्यालाच कळंल.’
एवढ्याशा बाटलीचे एवढे पैसे,
पेंडीचं पोतं डोळ्यांसमोर आणून मोजले.

पहाटे चारला अंगावर पाणी,
कानामागं एक बोट, मनगटांना एकेक.
वर स्वेटर, वर मफलर.
पुलावर बाहीत नाक खुपसून बघितलं:
लवंग, जुनं लाकूड,
बंद पेटीत राहून गेलेलं काहीतरी,
आणि लगेच काही नाही. नुसता गारठा.
फसलो म्हटलं.

कवडी फसली नाही.
कासेला हात घातला,
मनगट तिच्या मांडीच्या उबेला टेकलं
आणि शमामा जागा झाला.
तिनं मान वळवून बघितलं,
परक्या माणसाकडं बघावं तसं,
आणि पान्हा चोरला.
थेंब नाही. गिऱ्हाईक सात.
‘रंग्या, कुणाच्या वरातीत निघालास रं?’
सगळा कट्टा हसला.
राख घेऊन मनगटं घासली,
कातडी सोलली, वास तसाच.

सिस्टर आली. नाक लालभडक.
रुमालात शिंकत म्हणाली,
‘चार दिवस झाले, मला कशाचाच वास येत नाही हो.’
शेजारच्या म्हशीचं दूध प्याली, डोळे मिटून,
आणि गेली.

मी पण हट्टाला पेटलो. रोज लावलं.
पाचव्या दिवशी कवडीनं थोडं सोडलं,
आठव्याला बादली भरली.
तोवर सिस्टरची सर्दी गेली असणार.
पाळी बदलली म्हणे, का बदलीच झाली,
गडहिंग्लजला, का आणि कुठं,
कुणी नीट सांगितलं नाही,
आणि मी विचारायचं तरी कोण म्हणून?

बाटली माघात संपली.
सुटलो म्हणून तसाच आलो कट्ट्यावर,
माझा खरा वास घेऊन.
कवडीनं मान वळवली.
परका.
पान्हा चोरला.

आता तीन थंड्या झाल्या.
कासमभाई विचारतात,
‘वहिनींना आवडला वाटतं शमामा?’
मी व्हय म्हणतो. पेंडीच्या हिशेबात पैसे लिहितो.
पुलावर धुकं असतं.
कवडी मध्येच थांबते,
मनगट हुंगते,
आणि चालायला लागते.