रकाना तिसरा: वेग

नोंदवही तीच. खाऱ्या हवेनं फुगलेली.
पहिली चाळीस पानं अंदमानच्या समुद्रातली,
बोटीवरून, दर दहा मिनिटांनी:
वेळ. उष्णता. वेग. धूर. वास.
चौतिसाव्या पानावर अक्षर हललंय.
लाट होती, असं मी तेव्हा सांगितलं.

बॅरन बेटावरून तो उतरत होता
घाई नसल्यासारखा,
जेवण झाल्यावर माणूस अंगणात फिरतो त्याच्याही निम्म्यानं.
कड लाल. मग लगेच राखाडी साय धरायची,
साय फुगायची निखाऱ्यावरच्या पापडासारखी,
फुटायची,
आत पुन्हा लाल.
गर्जना वगैरे मी ऐकली नाही.
बांगड्यांच्या पेटीवर कुणीतरी चुकून बसावं
तेवढाच आवाज, रात्रभर.
कान आईकडून आलेत.
नरसम्मा, अक्कलकोट रोडच्या कारखान्यात एकतीस वर्षं:
चाळीस मागांच्या खडखडाटात
कुठल्या मागावर धागा तुटला ते तिला पाठमोरीनंच कळायचं.
आता विचारते, तिकडं जळता बघून आलीस,
इथं विझलेल्याला काय बघतीस?

पान एकेचाळीस. बोरामणीची खाण.
एप्रिल, दुपारचे दोन.
कड्यावर चार प्रवाह एकावर एक,
दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये हातभर लाल पट्टा,
म्हणजे मध्ये कधीतरी इथं माती होती,
तिच्यात काहीतरी उगवत असणार,
मग वरून हा आला आणि ती विटेसारखी भाजली.
खडकाला मापक लावला: एकसष्ट अंश.
कारण: ऊन.
वेग: शून्य.
साडेसहा कोटी वर्षं शून्य,
तरी रकाना मोकळा सोडायचा नाही, ही शिस्त.

तिपण्णा बंदपट्टे घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकून बघतो.
त्याची नावं वेगळी आहेत.
ह्यो पोलाद. ह्यो मांजऱ्या, भोकंभोकं.
ही तांबडी. विहिरीत ही लागली की वरच्या अंगाला पाणी थांबतंय.
दगडाला कूस असती म्याडम,
कुशीवर घाव पडला की एकाच दणक्यात उघडतंय,
नाहीतर दिवस घालवा.

मी त्याला तळाशी वाकायला लावते. बोटभर नळ्या,
वाफेनं पोखरलेल्या, सगळ्या एकाच अंगाला कललेल्या,
वारं लागलेल्या शाळूच्या ताटांसारख्या.
हा असा चालला होता, मी हात करते. तिकडं.
'अक्कलकोटाकडं?'
हो. अक्कलकोटाकडं.
तो बराच वेळ तिकडं बघत राहतो, जणू मागं राहिलेलं कुणी दिसेल.
'परत येतंय का ह्ये?'
नाही.
'मग मोजताय कशाला?'

तेवढ्यात शिट्टी. तीनदा. लाल फडकं.
आम्ही सगळे डंपरच्या आडोशाला,
त्याची नात भागव्वा माझ्या पाठीशी, पाण्याची कळशी घट्ट धरून.
आणि माझा हात आपोआप घड्याळाकडं जातो,
तीन बारा,
जमीन एकदा पोटातून खोकते,
धूर राखाडी, चाळीस फूट, कलता,
मी लिहीत जाते बोटीवर लिहायची तसं,
अक्षर हलतं. इथं लाट नाही.

धूळ बसल्यावर भागव्वाच सगळ्यांत आधी पुढं.
फुटलेला एक तुकडा घेऊन येते: आत बोराएवढी पोकळी,
भिंतीला पांढऱ्या सुया, कुणीच कधी न बघितलेल्या.
आत कोंडलेलं जे काही होतं
ते आत्ताच सुटलं असणार, मिनिटभरापूर्वी,
आणि मी लिहीत होते.
ती नाक लावते.
कसला वास?
'फटाक्याचा.'

सुरुंगाचाच असणार. मला माहीत आहे.
तरी मी चौतिसावं पान उघडते.
शेवटचा रकाना, माझंच हललेलं अक्षर: फटाक्यासारखा.

लिहिते. वास: फटाक्याचा.
साक्षीदार: भागव्वा, वय सात.
तिपण्णा घण उचलतो, दगडाची कूस शोधत अंगठा फिरवतो.
वेगाच्या रकान्यावर पेन टेकवलेलं,
शाईचा ठिपका मोठा होत चाललाय.