वजरीचं रान

एर्मोहेनेसची गाडी तिसऱ्यांदा बंद पडली
तेव्हा त्यानं बॉनेट उघडलंच नाही.
कोकाच्या पानांचा बोकणा
या गालातून त्या गालात सरकवला, म्हणाला,
"तिलाही दम लागतो इथं. थांबू."

थांबलो.
समोर काराची पाम्पा,
नुकताच चाळणीतून ओतल्यासारखा काळा शंकू.
पायथ्याशी लाव्हा, ढेकळाढेकळांचा,
कडेला खारट तळं,
त्यात एका पायावर उभे रोहित
थंडीची सवय नसल्यासारखे
आणि पिढ्यान् पिढ्या तिथंच.

मी एकशे चाळीस फोटो काढले.
एकातही वारा आला नाही.

पलीकडे पांढरं रान.
दगडांच्या लाटा, कुठे माणसाहून उंच.
डोक्याएवढा एक उचलायला वाकले,
कंबर सावरून, श्वास धरून
आणि तोल गेला मागे
कारण त्याला वजनच नव्हतं.
एर्मोहेनेसची मावशी निकासिया
दोन दात दाखवत हसली :
"एकदा सगळेच फसतात."
मग चपलेतून टाच काढून
त्याच दगडानं खसाखसा घासून दाखवली.

अगं बाई, वजरी!
न्हाणीघराच्या कोपऱ्यातली ती एवढीशी,
आणि इथं क्षितिजापर्यंत वजरीचं रान,
टाच मात्र एकच.

ऑगस्टची पहिली तारीख होती.
घरामागे, लामांच्या वाड्याशी
निकासियानं जमिनीवरचा सपाट धोंडा बाजूला केला.
खाली खड्डा, गेल्या वर्षीचा.
त्यात उकडलेला मका, पानं, वाइनचा घोट,
एक सिगारेट, पेटवून, उभी खोचलेली.
ती जळत राहिली, कुणीतरी ओढत असल्यासारखी.
निकासिया पुटपुटत होती
उशिरा आलेल्या पाहुण्याला वाढताना
आपण बोलतो तसं :
घे अजून, लाजू नकोस,
यंदा पिल्लं कमी जगली, तुला ठाऊकच आहे.

मग माझ्याकडे वळून,
"तुमच्याकडे आहेत का असे डोंगर?"
म्हटलं, आहेत. सगळा मुलूखच त्याचा.
काळाच दगड, थरावर थर.
पण विझून साडेसहा कोटी वर्षं झाली.
एर्मोहेनेसनं भाषांतर करताना आकडा गाळला,
"फार वर्षं" एवढंच म्हणाला.

तिनं धोंडा परत सरकवला.
हात झटकले.
"मग त्याला जेवायला कोण घालतं?"

तोला झुडपाचा धूर डोळ्यांत जात होता.
बरं झालं.

परतताना खिंडीत दगडांची रास लागली,
येणाऱ्या-जाणाऱ्यानं एकेक ठेवलेली.
एर्मोहेनेस उतरला, मीही.
पिशवीतून पांढरा दगड काढला,
जो न्यायचा नाही असं फाट्यावर पाटीवर लिहिलेलं,
आणि जो मी घेतला होता.
वर ठेवला. वाऱ्यानं पाडला.
पुन्हा ठेवला. पुन्हा पडला.

शेवटी रस्त्याकडेचा एक काळा आणला,
ओळखीच्या वजनाचा,
त्याच्यावर ठेवला.

एर्मोहेनेसनं हॉर्न वाजवला नाही.
बोकणा फक्त सरकवला
या गालातून त्या गालात.