कोरी डिस्क

रुवीत, बंकच्या खालच्या गादीवर
नवा लॅपटॉप पालथा.
अकरा स्क्रू लबनच्या झाकणात,
बारावा परकारच्या दातांत.

"वॉरंटी गेली बघ,"
स्क्रूआडून तो म्हणाला,
आणि खट्,
मेमरीची दुसरी पट्टी बसली.

जुनी डिस्क काढली. जुनी कसली,
एक फाईलसुद्धा बघितली नव्हती तिनं.
एसएसडी बिस्किटाएवढी, मुकी.
नऊ सेकंदांत पडदा उजळला;
एसी तेवढा घरघरत राहिला.

परकार मात्र ती कोरी डिस्क
तळव्यावर तोलत बसलेला.
"मलाही असंच, विमानतळावरून थेट
गोदामात ठेवलेलं.
डिप्लोमा उघडूनसुद्धा बघितला नाही कुणी."

मग बनियनमध्ये गुंडाळून
खेडला जाणाऱ्या बॅगेत खुपसली.
"पोरगी भरेल काहीतरी."